साबणवाल्या शेटजींचें सोंवळें

आजचा विषय लंडन, मॉस्को आणि जेरुसलेमपर्यंत जाणारा आहे, पण त्याची सुरुवात तुमच्या न्हाणींतूनच करावी लागते. न्हाणीच्या कोनाड्यांत जी तांबडी वडी आहे ती बहुधा लाइफबॉयची असेल. धुण्याच्या दगडापाशीं व्हील किंवा रिन असेल. सकाळीं आधणांत पडणारी भुकटी रेड लेबलची असली तरी नवल नाहीं. या सगळ्या पुड्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत एकच नांव छापलेलें असतें : हिंदुस्तान युनिलिव्हर. हिची कचेरी मुंबईस, पण शंभर भागांपैकीं जवळजवळ बासष्ट भाग लंडनच्या युनिलिव्हर कंपनीचे. नफ्याचा तेवढा वांटा तिकडे जातोच; शिवाय नांव, विद्या आणि सल्ला यांचें भाडें म्हणून विक्रीच्या दर शेंकड्यामागें २.६५ रुपये जात असत, ते तीन वर्षांत ३.४५ पर्यंत चढवावयाचें २०२३ च्या जानेवारींत ठरलें. उरलेल्या भागांत एक मोठा भागीदार म्हणजे आपलें सरकारी आयुर्विमा महामंडळ. ज्या कुणब्यानें कापूस विकून विम्याचा हप्ता भरला, ज्या सुतारानें पोरीच्या नांवानें पॉलिसी काढली, त्यांचाही पैसा फिरत फिरत याच पेढीवर येऊन बसलेला आहे. तेव्हां साहेबाच्या घरची भानगड, आपल्याला काय त्याचें, असें कोणी म्हणूं नये.

हे साबणवाले शेटजी गेलीं कांहीं वर्षें जगाला नीति शिकवीत होते. २०१९ सालीं त्यांचे त्या वेळचे मुख्य कारभारी ॲलन जोप यांनीं जाहीर केलें कीं, ज्या मालाच्या छापेपाठीमागें समाजाच्या भल्याचें कांहीं ध्येय नाहीं ती छाप आम्ही जवळ ठेवणार नाहीं. वेळ पडली तर विकून टाकूं. ऐकून आमचे कान तृप्त झाले! पुढें दोन वर्षांतच अशा एका छापेची खरोखर कसोटी लागली.

अमेरिकेंत व्हरमाँट म्हणून एक लहानसें राज्य आहे. तेथें १९७८ सालीं बेन कोहेन व जेरी ग्रीनफिल्ड या दोन मित्रांनीं आइस्क्रीमचें दुकान घातलें. तें वाढत वाढत मोठें झालें आणि २००० सालीं युनिलिव्हरनें ३२ कोटी ६० लाख डॉलर मोजून तें विकत घेतलें. घेतांना करार असा झाला कीं, धंद्याचा हिशेब युनिलिव्हरनें पाहावा, पण समाजाविषयींचें धोरण व छापेची अब्रू राखण्याचें काम एका स्वतंत्र मंडळाकडे राहावें. या आइस्क्रीम कंपनीनें १९ जुलै २०२१ रोजीं जाहीर केलें कीं, इस्रायलनें १९६७ च्या लढाईंत घेतलेल्या पॅलेस्टिनी मुलखांत आमचा माल यापुढें विकला जाणार नाहीं. बळानें घेतलेल्या जमिनीवर दुकान मांडणें आमच्या तत्त्वांत बसत नाहीं. ठेक्याची मुदत २०२२ अखेर संपत होती, ती संपली कीं विक्री बंद.

झालें! मोहोळाला धोंडा लागला. इस्रायलचें सरकार संतापलें. अमेरिकेंतील अरिझोना, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांनीं आपल्या नोकरांच्या पेन्शनीच्या निधींतून युनिलिव्हरचे शेअर विकावयास काढले. शेटजींना घाम फुटला. २९ जून २०२२ रोजीं त्यांनीं तेथील आइस्क्रीमचा धंदा जुन्या ठेकेदाराला, अवी झिंगर याला, कायमचा विकून टाकला. तेंच आइस्क्रीम, फक्त डब्यावरचें नांव हिब्रू व अरबी अक्षरांत. तें इस्रायलांत विकलें जाणार आणि ज्या मुलखांत विकावयाचें नाहीं असें ठरलें होतें तेथेंही विकलें जाणार. स्वतंत्र मंडळानें आपल्याच धन्यावर अमेरिकेच्या कोर्टांत फिर्याद लावली, ती डिसेंबरांत आपसांत मिटली. ध्येय नसलेली छाप विकूं म्हणणाऱ्यांनीं ध्येय असलेल्या छापेचें ध्येय तेवढें सोलून काढलें आणि साल विकली!

शेटजींचें म्हणणें काय? त्यांचा एकंदर सूर असा कीं, हा वाद फार नाजूक, फार गुंतागुंतीचा. व्यापाऱ्यानें अशा भांडणांत पडूं नये.

बरें. न पडावें. आतां दुसरी तारीख पाहा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियाची फौज युक्रेनांत शिरली. ८ मार्चला, म्हणजे आइस्क्रीमच्या त्या विक्रीच्या आधीं चार महिनेही नव्हते, याच युनिलिव्हरनें, याच जोपसाहेबांच्या सहीनें, रशियाच्या सरकारचा कडक शब्दांत निषेध केला. तेथें वाद नाजूक नव्हता, गुंतागुंतीचा नव्हता. रशियाशीं आयात-निर्यात बंद, नवें भांडवल बंद, जाहिराती बंद, आणि रशियांतील धंद्यापासून आम्ही नफा घेणार नाहीं, असें लिहून दिलें. निषेध योग्यच होता. शेजाऱ्याच्या देशांत रणगाडे घालणाऱ्याचा निषेध न करावा तर कोणाचा करावा? पण पत्रकाच्या शेंपटाला एक ओळ होती : रशियांतच तयार होणारा रोजच्या गरजेचा खाण्याचा व स्वच्छतेचा माल तेथील लोकांना आम्ही पुरवीत राहूं. या ओळीच्या फटींतून सबंध बैलगाडी गेली. कंपनीचे तेथील चार कारखाने चालूच राहिले. त्यांतून साबण निघाला, आणि आइस्क्रीमही निघालें. रशियाच्या हिवाळ्यांत आइस्क्रीम हा जीवनावश्यक पदार्थ कसा होतो हें आमच्या गांवठी बुद्धीला अजून उमगलेलें नाहीं. तेथल्या शाखेच्या हिशेबाप्रमाणें २०२२ चा नफा आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाला. नफा घेणार नाहीं म्हणजे लंडनला आणणार नाहीं, एवढाच त्याचा अर्थ असावा; रशियाच्या खजिन्यांत कर भरावा लागतो तो लागतोच.

आतां खरी गोष्ट पुढें आहे, आणि ती आमच्या मतें या सगळ्या प्रकरणांत अत्यंत वाईट आहे. या कंपनीकडे रशियांत सुमारें तीन हजार माणसें कामाला होतीं. २०२३ च्या उन्हाळ्यांत युक्रेनच्या बाजूनें चळवळ करणाऱ्या मंडळींनीं कंपनीला विचारलें कीं, सरकारनें तुमच्या कामगारांना लढाईवर बोलाविलें तर तुम्ही काय कराल? कंपनीच्या एका वरिष्ठ कारभाऱ्यानें उत्तर धाडलें त्याचा मतलब असा : कामगारांना भरतीसाठीं मोकळें सोडावें असा रशियांत कायदा आहे, तो आम्हांस ठाऊक आहे, आणि आम्ही ज्या देशांत धंदा करतों त्या देशाचे कायदे पाळतों. वाचकहो, हें उत्तर सावकाश वाचा. सकाळीं साबणाच्या वड्या कापणारा एक गरीब रशियन कामकरी संध्याकाळीं खंदकांत पाठविला जाईल, तो दुसऱ्या गरिबाच्या पोरावर बंदूक झाडील, नाहींतर स्वतः मरेल. आणि धनी त्याचें नांव हजेरीपटावरून काढून ठेवून म्हणेल, आम्ही कायदा पाळला. लढाई शेटजींची नाहीं, पण माणसें मात्र त्यांच्या कारखान्यांतलीं!

तटस्थ या शब्दाचा अर्थ तटावर उभा असलेला. ज्याचे पाय कांठावर कोरडे आहेत त्यालाच हा शब्द शोभतो. एखाद्या गांवीं एका भाऊबंदानें दुसऱ्याचा नुसता बांध कोरला नाहीं, तर सगळें शेतच नांगरून घेतलें आणि आडवा आला त्याला काठीनें झोडपलें, असें समजा. गांवचा वाणी त्या नांगरणाऱ्याला बियाणें देतो, उधारीवर खत देतो, सुगीच्या दिवसांत त्याच्या खळ्यावरून धान्य मापून नेतो. झोडपलेला मनुष्य दुकानाच्या पायरीशीं आला म्हणजे म्हणतो, 'बाबा, तुमच्या भाऊबंदकींत मी पडत नाहीं. मी आपला तटस्थ.' आतां या वाण्याचे पाय कांठावर आहेत काय? पाणी त्याच्या कंबरेला लागलें आहे, हातांत जाळें आहे, जाळ्यांत मासा आहे! त्यानें पैसा मिळवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें तटस्थ हा शब्द मात्र वापरूं नये. आणि हाच वाणी पलीकडच्या आळींत तसलीच लबाडी करणाऱ्या दुसऱ्या एखाद्यावर, त्याच्याकडे उधारी थोडी आहे म्हणून, चावडीसमोर उभा राहून तोंडसुख घेऊं लागला, तर गांव काय म्हणेल?

न्यायासाठीं शेटजींची बाजूही सांगितली पाहिजे. ते म्हणत होते कीं, आम्ही निघून गेलों तर कारखाने रशियन सरकार बळकावील आणि त्याचाच फायदा होईल. हें अगदींच खोटें नव्हतें. २०२३ च्या जुलैंत दह्यादुधाच्या डॅनोन कंपनीचा आणि बीअरच्या कार्ल्सबर्ग कंपनीचा तेथला कारभार पुतिन सरकारनें एका हुकुमानें आपल्या ताब्यांत घेतलाच. बाहेर पडणाऱ्या परक्या कंपनीनें ठरलेल्या किमतीच्या निम्म्यानें किंवा त्याहून कमी भावानें माल विकावा असाही नियम केला. तेव्हां निघणें सोपें नव्हतें, हें कबूल. पण ही अडचण व्यापाऱ्याची आहे, ती व्यापाऱ्याच्या भाषेंत सांगावी : आमचे पैसे अडकले आहेत, ते सोडवत नाहींत. तीवर लोककल्याणाची भगवी छाटी कशाला? आणि लोकांना माल मिळावा हा धर्म खरा असेल तर पॅलेस्टिनी मुलखाच्या वेळीं तो धर्म सांगितला तसा सांगावा, रशियाच्या वेळीं सांगितला तसा सांगावा, आणि दोन्हीकडे निषेधही सारखाच करावा. एकीकडे निषेध करून माल विकला, दुसरीकडे निषेध गिळून माल विकला. माल दोन्हीकडे विकला, एवढीच काय ती एकवाक्यता!

ही खोड आजची नाहीं. शिवडीचा साबणाचा कारखाना याच घराण्यानें १९३४ सालीं सुरू केला. मुंबईंतल्या जुन्या गिरणीवाल्यांना तो ठाऊक आहे. त्याच सुमारास जर्मनींत हिटलरचें राज्य बसलें होतें आणि परक्यांचा नफा देशाबाहेर नेण्यास त्या सरकारनें बंदी घातली होती. युनिलिव्हरचा तेथें मोठा पैसा अडकला. तेव्हां कंपनीनें त्या अडकलेल्या मार्कांतून जर्मन गोद्यांत जहाजें बांधून घेतलीं. नफा देशाबाहेर नेतां येत नाहीं काय? मग जहाज करून नेऊं! शेटजींची अक्कल खरोखर वाखाणण्याजोगी. पण त्या गोद्यांना काम कोणी दिलें, त्या कामानें कोणाचें राज्य घट्ट झालें, हा प्रश्न तेव्हांही तटस्थपणाच्या पोटांत गडप झाला.

एकट्या साबणवाल्यालाच कां धरतां, असें कोणी विचारील. बाकीचे कांहीं धुतल्या तांदळासारखे नाहींत. फ्रान्सच्या रेनॉ कंपनीनें २०२२ च्या मे महिन्यांत रशियांतल्या लाडा मोटारींच्या कारखान्यांतला आपला हिस्सा अवघ्या एका रूबलला सोडला. जगानें टाळ्या वाजविल्या. पण सहा वर्षांच्या आंत तो परत विकत घेण्याचा हक्क कागदावर राखून ठेवला होता. मुदतखरेदीचे कागद ज्यांच्या आजोबांनीं अंगठे उठवून केले त्या आमच्या वाचकांना हा त्याग कोणत्या जातीचा तें समजावून सांगावयास नको. २००३ सालीं अमेरिकेनें इराकवर स्वारी केली, २०१५ पासून सौदी अरेबियाचीं विमानें येमेनवर बाँब टाकूं लागलीं. त्या वेळीं बड्या कंपन्यांनीं वॉशिंग्टनांत किंवा रियाधेंत दुकानें बंद केल्याचें कोणाच्या ऐकिवांत आहे काय? रशियाच्या वेळीं त्यांच्या घरच्या सरकारांनीं निर्बंध घातले, घरच्या वर्तमानपत्रांनीं नांवें छापलीं, घरचीं गिऱ्हाइकें रागावलीं. म्हणून सदसद्विवेक जागा झाला. ज्या मुलखांतल्या मेलेल्यांसाठीं लंडन-न्यूयॉर्कचें गिऱ्हाईक रागावत नाहीं, तेथें तो घोरत पडतो.

आणि आपल्या अंगणांत काय आहे? रशियाचें तेल लढाईपूर्वीं आपल्या देशाच्या खरेदींत शेंकडा दोनांच्या आंतबाहेर होतें. पुढें तें एकतृतीयांशाच्या वर गेलें. जामनगर आणि वाडिनारच्या कारखान्यांनीं तें स्वस्तांत घेऊन शुद्ध केलें आणि त्याचें डिझेल युरोपलाही विकलें. युरोपनें रशियाचें कच्चें तेल नाकारलें आणि तेंच आपल्या हातून गाळून घेतलें! देशाला स्वस्त तेल हवें हें सरकारचें म्हणणें आम्हांस समजतें. पण महाराष्ट्रांतला डिझेलचा भाव २०२२ च्या जुलैपासून २०२४ च्या मार्चपर्यंत जवळजवळ जागचा हलला नाहीं, आणि मग निवडणुकीच्या तोंडावर लिटरमागें दोन रुपये उतरला. तटस्थपणाचा लोण्याचा गोळा कोणीं खाल्ला आणि ट्रॅक्टरवाल्याच्या वांट्याला ताक तरी आलें काय, हें ज्याचें त्यानें आपल्या पंपाच्या पावत्या काढून पाहावें.

त्या आइस्क्रीमवाल्यांनाही आम्ही देव्हाऱ्यांत बसवीत नाहीं. इस्रायलांत त्यांचा ठेकेदार १९८७ पासून होता. जाग यावयास चौतीस वर्षें लागलीं. २०२१ च्या ऑक्टोबरांत एका मुलाखतींत बेन कोहेन यांना कोणी विचारलें कीं, अमेरिकेंतल्या जॉर्जिया-टेक्सास राज्यांचे कायदे तुम्हांला अन्यायाचे वाटतात, मग तेथें आइस्क्रीम कसें विकतां? गृहस्थ अडखळले, आणि मला ठाऊक नाहीं असें म्हणाले. आम्हांस तो मनुष्य त्या क्षणीं आवडला. ठाऊक नाहीं हें उत्तर लाजिरवाणें असेल, पण तें खरें होतें. लंडनच्या पत्रकांत आम्हांस एवढें खरें वाक्य सांपडलेलें नाहीं.

आमचें मागणें असें नव्हे कीं साबणवाल्यानें प्रत्येक लढाईंत कर्णा फुंकावा. त्याला लढाईचें काय कळतें? त्यानें साबण चांगला करावा, वजनांत मारूं नये. २०२१-२२ मध्यें पामतेल महागलें म्हणून वड्या महाग झाल्या आणि कांहीं पुड्यांचें वजन हळूच उतरलें, तेवढ्याचा हिशेब त्यानें आधीं द्यावा! आमचें मागणें एवढेंच कीं, नियम लढाईच्या आधीं लिहा आणि लढाई आल्यावर खोडूं नका. बळानें घेतलेल्या मुलखांत माल विकणार कीं नाहीं? विकणार असाल तर सर्वत्र विका आणि तोंडानें नीति सांगूं नका. विकणार नसाल तर मुलूख रशियानें घेतलेला असो कीं इस्रायलनें, सारखेंच. १९ जुलै २०२४ रोजीं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें पॅलेस्टिनी मुलखांतील इस्रायलचा अंमल बेकायदेशीर आहे असा अभिप्राय दिला. तेव्हां वाद गुंतागुंतीचा आहे ही सबब आतां पूर्वीइतकी चालणारी नाहीं. लढणाऱ्या राज्याला किती कर भरला तो आंकडा दर वर्षीं मोठ्या अक्षरांत छापा. आणि ज्या कामकऱ्याच्या घामावर वडी निघते त्याला लढाईवर ओढून नेण्याचा कायदा आला तर त्याच्या बायकोपोरांचें काय करणार, त्याला देशाबाहेर काम देणार कीं नाहीं, हें त्याच्या हातीं कागदावर लिहून द्या.

शेवटीं काय झालें तें सांगून टाकतों. युक्रेनच्या लांचलुचपतविरोधी खात्यानें २०२३ च्या जुलैंत युनिलिव्हरचें नांव युद्धाला हातभार लावणाऱ्या कंपन्यांच्या यादींत चढविलें होतें. पण ती सबंध यादीच २०२४ च्या मार्चांत बंद करावी लागली, कारण ज्या देशांच्या कंपन्या तींत होत्या त्यांचीं सरकारें रागावलीं आणि युक्रेनला तर त्यांच्याच मदतीची गरज. मार खाणाऱ्यालाच गप्प बसावें लागलें! ऑक्टोबर २०२४ मध्यें, लढाईला अडीच वर्षें उलटल्यावर, युनिलिव्हरनें रशियांतला धंदा अर्नेस्ट नांवाच्या तेथल्याच मंडळीला विकला. पुढल्याच महिन्यांत आइस्क्रीमच्या स्वतंत्र मंडळानें पुन्हां फिर्याद लावली : ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या कत्तलीनंतर गाझावर जी आग बरसली ती थांबवावी, एवढें म्हणावयासही धन्यानें आम्हांस मनाई केली, असा तींत आरोप आहे. कंपनीनें तो नाकारला. सप्टेंबर २०२५ मध्यें जेरी ग्रीनफिल्ड, ज्यांचें नांव डब्यावर आहे ते, सत्तेचाळीस वर्षांनीं नोकरी सोडून घरीं गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस युनिलिव्हरनें आइस्क्रीमचा सगळा धंदाच तोडून वेगळ्या कंपनीच्या गळ्यांत बांधला.

साबण आणि चहा मात्र आहेत तेथेंच आहेत, तुमच्या न्हाणींत आणि चुलीवर. अरिझोनाच्या कारभाऱ्यांनीं आइस्क्रीमच्या एका निर्णयासाठीं पेन्शनीचे शेअर विकावयास काढले आणि शेटजींना गुडघ्यावर आणलें. त्यांचा हेतु आम्हांस पटत नाहीं, पण भागीदाराच्या शब्दाला किती वजन असतें तें त्यांनीं दाखविलें. आपलें आयुर्विमा महामंडळ हिंदुस्तान युनिलिव्हरचें भागीदार आहे. वार्षिक सभा भरेल तेव्हां त्याच्या प्रतिनिधीनें उठून एवढें विचारावें कीं, शंभर रुपयांच्या साबणामागें साडेतीन रुपये भाडें ज्या लंडनच्या पेढीला जातें तिचा लढाईच्या काळांतला नियम काय आहे, तो कोणत्या कागदावर लिहिलेला आहे, आणि त्याचें मराठी भाषांतर पॉलिसीवाल्यांना केव्हां मिळेल.